वाणी आणि ओल: कपाशीच्या ओळीपासून घराच्या भिंतीपर्यंत

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी भावांनी विचारलं आहे: "ठिबकवर पूर्वहंगामी कपाशी लावली. उगवण चांगली झाली, पण आठवडाभरात रोपं जमिनीलगत कुरतडलेली दिसू लागली आणि ओळीत वाणी किडे सापडले. पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री तर घराच्या भिंतीवर, ओट्यावर, न्हाणीत शेकडो चढले. शेजारच्या केळीच्या बागेत ते नेहमीच असतात. हे विषारी असतात का, येतात कुठून, आणि फवारणी कशाची करू?"

भाऊ, तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, ते म्हणजे ओल. वाणी कुठे राहते, कधी वर येते, काय खाते, कशाने मरते, हे सगळं तिच्या अंगातलं पाणी टिकवण्याच्या धडपडीतून ठरतं. ते नीट समजलं की औषधाच्या दुकानाची पायरी चढण्याआधी करण्यासारखं बरंच काही सुचतं. म्हणून आधी प्राणी समजून घेऊ, मग कपाशीकडे येऊ.

आपल्याकडे कुणी वाणी म्हणतं, कुणी पैसा किडा, इंग्रजीत मिलिपीड. शास्त्रात हिचा वर्ग डिप्लोपोडा. हा कीटक नव्हे. गोम ही तिची लांबची नातेवाईक, पण स्वभाव अगदी उलटा. गोमेच्या अंगाच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी. मोठ्या गोमेला सहसा अशा २१ जोड्या असतात. अंग चपटं, चाल वेगवान, आणि डोक्यालगतच्या पायांची विषारी नखं झालेली. ती शिकार करते, आणि माणसाला चावली तर चांगलीच आग होते. वाणीचं अंग वलयांचं असतं आणि बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, कारण मुळातले दोन खंड जुळून एक वलय झालेलं असतं. डोक्यामागचं पहिलं वलय बिनपायांचं, पुढच्या तिघांना एकेक जोडी, तिथून मागे दोन-दोन. नांगी नाही, विषारी नख नाही. पाय इतके असूनही ती हळू चालते, कारण हे पाय पळण्यासाठी नाहीत, ढकलण्यासाठी आहेत. डोकं खाली घालून, सगळ्या पायांचा जोर एकवटून ती ओल्या मातीत आणि पाल्याच्या थरात घुसते. सर्वाधिक पायांचा मान सध्या युमिलिपिस पर्सेफोनी या जातीकडे आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात खनिजांच्या शोधासाठी पाडलेल्या बोअरमध्ये, ६० मीटरपर्यंतच्या खोलीवर ती सापडली आणि २०२१ मध्ये तिच्या एका मादीचे १,३०६ पाय मोजल्याचं प्रसिद्ध झालं.

आता पाण्याचा मुद्दा. कीटकांच्या कवचावर मेणाचा पातळ थर असतो, तो अंगातलं पाणी अडवतो. वाणीचं कवच टणक असतं, त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरलेलं असतं, पण बहुतेक जातींत तसा मेणाचा थर नसतो. श्वासाची छिद्रं पायांच्या बुडाशी असतात आणि ती कीटकांसारखी घट्ट मिटता येत नाहीत. माठ पाझरतो तसं तिचं अंग सतत थोडं थोडं पाझरत राहतं. कोरड्या फरशीवर रात्रभर भटकलेली वाणी सकाळी कोपऱ्यात मेलेली सापडते, ती बहुतेक वेळा सुकून मेलेली असते. उलट बाजूने, मातीतली पोकळी पाण्याने भरली की त्याच छिद्रांमुळे ती गुदमरते. कोरडं नको आणि तुडुंबही नको, अशा मधल्या ओलीत तिचं जगणं आहे.

हे डोळ्यापुढे ठेवून आपल्या खान्देशाकडे बघा. बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये, आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा मुलखात वाणी टिकते कशी? तापीकाठच्या काळ्या जमिनीमुळे. ही माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात घातला तर तळ लागत नाही. त्या भेगांतून वाणी खाली उतरते आणि जिथे थोडी ओल शिल्लक असते तिथे अंगाचं वेटोळं करून पडून राहते. खाणं बंद, हालचाल बंद. दगडांच्या बांधाखाली, जुन्या विहिरीच्या काठच्या मातीत, उकिरड्याच्या तळाशी, उंबराच्या आणि करंजाच्या मुळांपाशी उन्हाळ्यात खणलं की त्या अशा निपचित सापडतात. या मातीत चुनखडीचे खडे भरपूर असतात, ही तिच्या दृष्टीने आणखी एक सोय, कारण कवचासाठी लागणारं कॅल्शियम तिला खाण्यातून आणि मातीतून मिळवावं लागतं. मेलेल्या वाणीची पांढरी पडलेली वलयं बांधावर महिनोन्महिने दिसतात ती याच चुन्यामुळे.

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की भेगांमध्ये पाणी शिरतं, तळची हवा कोंडते, आणि सगळ्या एकदम वर येतात. शिवाय वर ओल आहे, दमट हवा आहे, कुजू लागलेला पाला आहे आणि जोडीदार शोधण्याची वेळ झालेली आहे. चार महिने दडून बसलेली सगळी पिढी एका रात्रीत बाहेर पडली की आपल्याला वाटतं, कुठून तरी टोळधाडीसारखी आली. ती आली कुठूनच नाही, तुमच्याच शिवारात, तुमच्याच पायांखाली होती. भिंतीवर चढते ती मुख्यतः भिजलेल्या जमिनीपासून वर सरकायला. मातीच्या जुन्या धाब्याच्या घरांत हा त्रास जास्त दिसतो, कारण त्या भिंती ओल धरतात आणि भेगांमध्ये लपायला जागा मिळते. अशा सामूहिक निघण्याची एक नोंद मला फार आवडते: मध्य जपानच्या डोंगरांत वाणीची एक जात दर आठ वर्षांनी इतक्या संख्येने बाहेर येते की रुळांवर पसरून तिने आगगाड्या थांबवल्या आहेत. तिचं आठ वर्षांचं चक्र २०२१ मध्ये अभ्यासाने पक्कं झालं.

तुमच्या कपाशीचं कोडंही इथेच सुटतं. पूर्वहंगामी कपाशी आपण मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला लावतो. त्या वेळी सगळं शिवार तापलेलं, कोरडं ठणठणीत असतं, आणि ओल असते फक्त ठिबकच्या नळीखालच्या वीतभर पट्ट्यात. आसपासची प्रत्येक वाणी त्या पट्ट्यात जमणार, दुसरीकडे ती जगूच शकत नाही. त्या पट्ट्यात तिचं नेहमीचं अन्न, म्हणजे कुजका पाला, बहुधा नसतं. जमीन तर तुम्ही चांगली नांगरून, वेचून स्वच्छ केलेली असते. कोवळं म्हणून जे काही आहे ते सरकीतून नुकतंच वर आलेलं रोप. मग ती बीजपत्रं कुरतडते, जमिनीलगतचा नाजूक देठ सोलते. रोप जून झालं, देठ टणक झाला की हे थांबतं. पाऊस सगळीकडे सारखा पडला की वाणी ओळ सोडून शिवारभर पांगते, आणि म्हणूनच बरेच शेतकरी सांगतात की पावसानंतर नुकसान आपोआप कमी झालं.

पण दोष ठरवण्याआधी एक काम करा. रात्री आठ-नऊच्या सुमाराला बॅटरी घेऊन ओळीत बसा. वाणी रात्रीच खाते. रोपावर वाणीच दिसली तर ठीक. पण दिवसा कापलेल्या रोपाशेजारची माती दोन बोटं उकरली आणि तिथे वेटोळी करून पडलेली मऊ, राखाडी अळी निघाली, तर ती रोपं कापणारी अळी आहे आणि तिचा बंदोबस्त वेगळा. मोठे रातकिडेही रोपं तोडतात. दिवसाउजेडी ढेकळाखाली वाणी सापडली एवढ्यावर तिला गुन्हेगार धरू नये.

केळीच्या बाबतीत तर मी ठामच सांगतो. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या बागांमध्ये वाणी बारा महिने दिसते, कारण तिथे बारा महिने सावली, पाणी आणि कुजणारी खोडं असतात. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) असो की कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली), घड कापल्यावर पडलेलं खोड आणि वाळलेली पानं हे तिचं घर आणि तिचं जेवण. कंद सडलेलं झाड उपटलं की त्यात डझनभर वाणी निघतात, आणि शेतकरी म्हणतो हिनेच झाड खाल्लं. क्रम उलटा आहे: सड आधी, वाणी नंतर. कंदाला पोखरलं असेल सोंड्या भुंग्याने, किंवा मुळं कुजली असतील साचलेल्या पाण्याने किंवा रोगाने. वाणी मागाहून आली, मेलेलं खायला. तिच्यावर औषध टाकून ते झाड वाचत नाही, आणि खरं कारण तसंच राहतं.

ती जे खाते त्याचं पुढे काय होतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाणी पाला चावून त्याचा भुगा करते, त्यातलं थोडंसंच अंगी लावते, आणि उरलेलं बारीक गोळ्यांच्या रूपात बाहेर टाकते. त्या गोळ्यांवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, मग पुष्कळ जाती त्याच गोळ्या पुन्हा खातात. अखंड पानावर सूक्ष्मजीवांना जेवढी जागा मिळते त्यापेक्षा भुग्यावर कितीतरी जास्त मिळते, म्हणून कुजणं वेगाने होतं आणि पानात अडकलेलं अन्नद्रव्य मातीला परत मिळतं. खान्देशात कुजण्याचा हंगामच मुळी चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने पाला नुसता वाळून पडतो किंवा आपण तो पेटवतो. त्या चार महिन्यांत जे हात कामाला लागतात त्यांत गांडूळ आणि वाळवीच्या बरोबरीने वाणीला धरायला हवं.

हे बघायचं असेल तर श्रावणात सातपुड्यात जा. यावल अभयारण्यात, तोरणमाळच्या पठारावर, किंवा दक्षिणेला चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या रानात. साग, अंजन, सलई, धावडा यांचा उन्हाळ्यात गळलेला पाला वरून कोरा दिसतो, पण दोन थर बाजूला करा. खालचा थर जाळीदार झालेला असतो आणि काळ्या, तांबूस, चपट्या, गोल अशा निरनिराळ्या वाणी त्यात फिरताना दिसतात. ओढ्याकाठी जास्त, उघड्या माळावर जवळजवळ नाहीत. आणि जिथे मार्च-एप्रिलमध्ये वणवा फिरलेला असतो तिथे पावसाळ्यातही हा थर ओका असतो. खाली उतरून लपलेले प्राणी आगीतून वाचतातही, पण वर आल्यावर त्यांना खायला काही उरत नाही. वणव्याने झाडं किती जळाली हे सगळे मोजतात. जमिनीवरच्या या थराचं नुकसान कुणी मोजत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तिचं वाढणंही सावकाश असतं. मादी मातीत, बहुधा स्वतःच्या विष्ठेच्या आणि मातीच्या कोषात अंडी घालते. पिल्लू बाहेर येतं तेव्हा पायांच्या फक्त तीन जोड्या असतात. प्रत्येक वेळी कात टाकली की मागच्या टोकाशी नवी वलयं आणि नवे पाय येतात. कात टाकताना ती मातीत बंद कप्पा करते, काही दिवस मऊ आणि फिकट असते, आणि टाकलेली कात खाऊन त्यातला चुना परत मिळवते. या अवस्थेत नांगर फिरला किंवा मुंग्या लागल्या तर ती संपलीच. मोठ्या जाती काही वर्षं जगतात. म्हणजे आज तुमच्या भिंतीवर दिसणारी बोटाएवढी वाणी यंदाची नाही. एखाद्या वर्षी त्या अचानक भरमसाट झाल्या असं वाटतं, त्यामागे आधीच्या एक-दोन पावसाळ्यांची कहाणी असते.

विषारी आहे का? चावत नाही, डसत नाही, कानात शिरून मेंदूपर्यंत जाते ही तर निव्वळ भीती. मात्र अंगाच्या दोन्ही बाजूंना तिच्या ग्रंथी असतात आणि छेडलं, दाबलं की त्यांतून द्रव सुटतो. गोल अंगाच्या मोठ्या जातींत तो बहुधा बेंझोक्विनोन प्रकारचा असतो: उग्र वास, त्वचेला लागला तर पिवळट, मग तपकिरी-काळा डाग. डाग धुऊन जात नाही, काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत आपोआप जातो. काहींना आग होते, क्वचित फोड येतो. साबण-पाण्याने लगेच धुवावं, एवढं बहुतेक वेळा पुरतं. खरा धोका डोळ्याला आहे. लहान मुलाने वाणी हाताळून डोळा चोळला, किंवा द्रव डोळ्यात उडाला, तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. घरगुती काहीही डोळ्यात घालू नका. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रात्री बुटात शिरलेली वाणी सकाळी पायाखाली चिरडली की बोटं काळीनिळी दिसतात. रक्तपुरवठा थांबला की काय, असं वाटून घरचे घाबरतात, डॉक्टरही बुचकळ्यात पडतात. तेव्हा बूट झटकून बघावा आणि त्यात वाणी सापडली तर डॉक्टरांना सांगावं.

चपट्या पाठीच्या वाणी, म्हणजे पॉलिडेस्मिडा गणातल्या, वेगळं रसायन वापरतात: हायड्रोजन सायनाइड आणि त्याबरोबर बेंझाल्डिहाइड, त्यामुळे कडू बदामाचा वास येतो. या गणातल्या सगळ्या जाती आंधळ्या असतात. एका वाणीतल्या सायनाइडची मात्रा माणसासाठी नगण्य आहे, पण मुलांना त्या बंद बरणीत भरून ठेवू देऊ नका.

आता कपाशी. सुरुवात फवारणीने करू नका. दिवसा फवारलेलं औषध ढेकळाखाली, जमिनीत बसलेल्या वाणीपर्यंत पोहोचतच नाही; पोहोचतं ते भुंगे, कोळी, मुंग्या आणि वाणीवरच जगणारे शिकारी ढेकूण यांच्यापर्यंत. रिड्युव्हिडी कुळात एक्ट्रिकोडिनी नावाचा ढेकणांचा गटच आहे, ज्यांची मुख्य शिकार वाणी आहे. त्यांना मारून आपण पुढच्या वर्षीची वाणी वाढवतो.

त्याऐवजी ओल आणि आसरा यांचा उपयोग करा. संध्याकाळी ओळींच्या मधून जागोजाग ओल्या गवताचे किंवा केळीच्या खोडाच्या तुकड्यांचे छोटे ढीग ठेवा, ओलं गोणपाटही चालतं. रात्री खाऊन वाणी पहाटे त्यांखाली जमतात. सकाळी ऊन चढण्याआधी हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ बादलीतच राहू द्या, शेतात अजिबात शिंपडू नका. तापीकाठच्या जमिनी आधीच चोपण, म्हणजे क्षार साठून घट्ट, होत चालल्या आहेत. हे वेचणं सलग काही दिवस, रोप टणक होईपर्यंत करावं लागतं, आणि शेजारी-शेजारी मिळून केलं तर फरक लवकर दिसतो.

ठिबक संध्याकाळी सोडत असाल तर ते पहाटे किंवा सकाळी सोडा, म्हणजे रात्री वाणी फिरते तेव्हा वरचा थर जरा सुकलेला असेल. पूर्ण न कुजलेलं शेणखत लागवडीच्या तोंडावर ओळीत टाकू नका, ते तिला आमंत्रणच ठरतं. चांगलं कुजलेलं खत आणि तेही लवकर टाका. केळीच्या बागेला लागून असलेल्या पहिल्या काही ओळींवर जास्त लक्ष द्या. बागेतली खोडं आणि पानं बागेच्या आतच, कपाशीपासून लांब रचा. जाळू मात्र नका. पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचं, थोडं वेगळं आहे: गुलाबी बोंडअळीमुळे त्या शेतात उभ्या ठेवता येत नाहीत, तेव्हा काढून, बारीक करून खड्ड्यात कुजवा. जिथे रोपं गेली तिथे नांग्या भरण्यासाठी थोडी रोपं पिशवीत आधीच तयार ठेवा. कोवळ्या उगवणीपेक्षा पिशवीतलं रोप वाणीच्या तावडीतून सहज निसटतं.

एवढं करूनही नुकसान वाढत असेल तर पाल, ममुराबाद, धुळे किंवा नंदुरबारचं कृषी विज्ञान केंद्र जे जवळ असेल तिथे कुरतडलेली रोपं आणि वाणी दोन्ही घेऊन जा आणि त्या हंगामाची शिफारस असेल तेच औषध, तेवढ्याच मात्रेत वापरा. दुकानदार देईल ते नको.

घरासाठी औषधाची गरज नाही. भिंतीलगत रचलेला पालापाचोळा, ओल्या विटा, लाकडं हातभर लांब हलवा. दाराच्या फटीला पट्टी लावा, न्हाणीच्या मोरीला जाळी बसवा. आत आलेल्या वाणी झाडून सुपलीत घ्या आणि उकिरड्यावर टाका. चिरडल्या तर फरशीवर डाग पडतो आणि वास राहतो. राख किंवा चुन्याची रेघ कोरडी असेपर्यंतच त्यांना अडवते, पावसात ती निरुपयोगी. आठ-पंधरा दिवसांत, बाहेर सगळीकडे ओल सारखी झाली की त्यांचा घराकडचा ओढा कमी होतो.

तुम्ही फोटो पाठवून जातही विचारली आहे. गोल अंगाची, गडद तपकिरी, स्पायरोस्ट्रेप्टिडा गणातली वाटते, यापुढे फोटोवरून कुणीही प्रामाणिकपणे जाऊ शकत नाही. वाणीची जात ठरते ती प्रौढ नराच्या सातव्या वलयावरून. तिथले चालण्याचे पाय बदलून त्यांचे प्रजननाचे अवयव झालेले असतात आणि त्यांचा आकार प्रत्येक जातीत वेगळा असतो. तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. जगात वाणीच्या १२,००० च्या आसपास जातींची वर्णनं झाली आहेत आणि अजून नाव न मिळालेल्या जाती त्याहून कितीतरी जास्त असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणून नक्की नाव हवं असेल तर वेगवेगळ्या आकाराच्या चार-पाच मोठ्या वाणी ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. गाव, तारीख, कपाशीच्या ओळीत सापडल्या की केळीच्या खोडाखाली, हे पेन्सिलने कागदावर लिहून तो कागद बाटलीच्या आतच टाका, आणि बाटली जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात द्या. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिलचं लिहिलेलं टिकतं.